दहा पूर्णांक शहाऐंशी

“अठरा, एकोणीस, वीस!”

परीक्षार्थ्याने सेकंदघड्याळ थांबवलं. अरफाने यादीवरून मान वर केली. हा आवाज तिने बारा वर्षं ऐकला होता. मिशी नवी होती, चष्मा नवा होता. आवाज मात्र कॅप्टनचा.

तिने यादीत पाहिलं. राजेंद्र बद्रीनाथ, वय सत्तेचाळीस, राहणार वैजापूर. मुक्त विद्यालय, बारावी विज्ञान, भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक.

टीव्हीवरच्या अंतराळ मालिकेत राजेंद्र कॅप्टन व्हायचा. ग्रहांची वजनं, ताऱ्यांची अंतरं धडाधड सांगायचा. त्याच्यामुळेच मुकुंदवाडीच्या अरफाने भौतिकशास्त्र घेतलं, आणि आज ती इथं परीक्षक होती. तीन महिन्यांपूर्वी त्याने मालिका सोडली. कारण सांगितलं नाही.

तेव्हापासून चाहत्यांच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ होता. “आपा, हॉलिवूडने बुलाया होगा,” तन्वीरचं म्हणणं. “कशाचं काय! डोक्यात हवा गेली,” करुणाचं. आकाशने तर कॅप्टनचं पोस्टर फाडून त्याचा फोटो टाकला. शेवटी सगळ्यांच्या वतीने जाहीर पत्र लिहायचं ठरलं, आणि ते काम अरफावर आलं. मथळा तयार होता: ‘तुम्ही आम्हाला फसवलंत.’ पुढचं सुचत नव्हतं. कारण माहीत नसताना निष्कर्ष काढायची तिला सवय नव्हती.

राजेंद्र आता भागाकार करत होता. लंबकाच्या झोक्यांवरून गुरुत्वत्वरण काढायचं होतं. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं. आलं १०.८६. त्याने गणित पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

प्रयोगशाळेतले सांडूमामा हळूच वाकले. “सायेब, नऊ पॉइंट आठ लिवा अन् मोकळे व्हा. सगळेच लिवत्यात.”

“मग लंबक कशाला हलवला, मामा?”

त्याने १०.८६ च लिहिलं, खाली ठसठशीत रेघ मारली आणि पेपर अरफाच्या टेबलावर आणून ठेवला.

पेपर हातात आल्यावर विचारायला हरकत नव्हती. “सर, कॅप्टन का सोडला?”

तो दचकला. मग ओशाळून हसला. “ओळखलंत व्हय? बारा वर्षं दुसऱ्यांनी लिहून दिलेले आकडे छातीठोक बोलत राहिलो. पोरं पत्रं पाठवायची, कॅप्टन, हे तुम्ही कसं काढलं? मला काय ठाऊक! मी अकरावीतच विज्ञान सोडलेलं. म्हटलं, एक तरी आकडा आपल्या हातानं काढावा.”

त्या पत्रांतली तीन अरफाची होती.

तिने पेपरकडे पाहिलं. मनात पटकन हिशोब मांडला. चूक कुठं झाली ते कळलं. चाहती म्हणून ‘छान’ म्हणून टाकणं सोपं होतं.

“सर, हा आकडा चुकलाय,” ती म्हणाली. “लंबक सोडतानाच तुम्ही ‘एक’ म्हणाला असणार. तिथं ‘शून्य’ म्हणायचं. वीस म्हणून तुम्ही एकोणीसच झोके मोजलेत.”

राजेंद्र टेबलावर वाकला. ‘शून्य, एक, दोन’ असं बोटांवर मोजून पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

“लिहून दिलेला एकही आकडा कधी चुकला नव्हता, मॅडम. म्हणजे हा नक्की माझाच.”