तंबाखूची डबी

"माझ्या भावाला समुद्रानं नाही, तुम्ही मारलंत, साहेब."

होड्यांचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चांगुणानं हे कुणा परक्याबद्दल बोलावं तशा सपाट आवाजात सांगितलं.

किनाऱ्यावर गाणी लावणाऱ्या रेडिओ केंद्राचा टॉवर उभा राहिला आणि होड्यांवर वादळाची सूचना ऐकू येईना. होडीच्या रेडिओतल्या मिक्सर नावाच्या, लहरी मिसळणाऱ्या भागात टॉवरची लहर घुसून सूचना गिळते, हे तिनं हुडकलं. मग प्रत्येक होडीसाठी तंबाखूच्या डबीत तार गुंडाळून तिनं ती लहर एरियलपाशीच अडवली. भाऊ धर्मा हसला होता, "ताये, टॉवरवाली बाई गप्प झाली बघ!"

मग सरकारी रेडिओ खात्याचे हे साहेब तपासणीला आले, सेटचं सील तुटलेलं दिसलं आणि त्यांनी सगळ्या डब्या उपटायला लावल्या. आठवड्यानं वादळ आलं. परतलेले खलाशी म्हणाले, रेडिओवर नुसती गाणी होती. धर्माची होडी परतलीच नाही.

साहेबांनी कागद सरकवला. "धर्माच्या होडीवरचा सेट सुस्थितीत होता, एवढ्यावर सही कर, बाई."

तिनं कमरेला खोचलेली, धर्माच्या होडीवरून उपटलेली डबी कागदावर ठेवली.

"करते की. आधी सांगा, ही कुणाच्या हुकमानं काढली?"