लेव्हल एकचा माणूस

निकाल धाकट्याच्या बाजूनं लागला. कॉल सेंटरमध्ये आलेला फोन कोणत्या एजंटला द्यायचा, हे एजंटची कुवत मोजून ठरवणारी ती पद्धत धाकट्याचीच, पेटंटही त्याचंच. समोरच्या कंपनीचा दावा सपशेल आपटला. वकीलबाईंच्या आनंदाला भरतं आलं होतं. धाकट्याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं, कारण कोर्टाबाहेरच्या बाकावर त्याचा थोरला भाऊ बसला होता आणि आधी आत बसून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तुमची साक्षच कामाला आली बघा," वकीलबाई म्हणाल्या. "ही कल्पना सुचली कुठून, हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. तुम्ही कसं घडाघडा सांगितलंत!"

घडाघडाच सांगितलं होतं त्यानं. एक एजंट होता, एकेका फोनला अर्धा अर्धा तास लावायचा, म्हाताऱ्यांची रडगाणी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. त्याला बघून सुचलं, की अशांना सगळ्यात खालची लेव्हल द्यावी आणि फोन वरच्यांकडे वळवावेत. नाव तेवढं घेतलं नव्हतं. थोरल्याला नावाची गरज काय? अक्कल आपली, हे सिद्ध करायला धाकट्यानं भाऊच पुरावा म्हणून दिला होता.

ती पद्धत आली तसा थोरला हेडफोन लावून मुक्या फोनसमोर नुसता बसून राहायचा. मग त्याला घरीच बसवलं. तेव्हा वहिनीनं हात जोडले होते, "भावजी, हे पाप तुमचं असेल तर पुन्हा या घरात येऊ नका. त्या कंपनीचं असेल तर घर तुमचंच आहे. लागू दे निकाल."

धाकटा बाकावर टेकला. हरलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. आता वाटून काय उपयोग?

"दादा, मी..."

"खरं तेच सांगितलंस," थोरला नेहमीसारखा सावकाश म्हणाला. "मला वेळ लागायचाच. लोक फोन ठेवायचेच नाहीत, मी तरी काय करणार?"

वकीलबाई लगबगीनं पुढे आल्या. "तुम्ही मोठे भाऊ ना? अभिनंदन! हिरा आहे हो तुमच्या घरात."

"लहानपणापासूनच हुशार आहे तो," थोरला म्हणाला, आणि त्या जिना उतरून जाईपर्यंत हसत राहिला.

मग म्हणाला, "चल घरी. तू बाहेर यायच्या आधीच तुझ्या वहिनीला फोन केलाय मी."

धाकट्यानं घाईनं विचारलं, "काय म्हणाली?"

"रडली. म्हणाली, भावजींना जेवायलाच घेऊन या." थोरला गुडघ्यावर हात टेकून उठला. "तू हरलास म्हणून सांगितलंय तिला. चेहरा आहे तसाच राहू दे."