दारावरची पाटी

"सतरा खोकी आहेत या बेसमेंटमध्ये, आणि मला एक रिकामं मिळत नाही," जिन्याखाली अर्धी घुसून सुनेत्रा पुटपुटत होती. "मिक्सर. अनदर मिक्सर. आई, व्हाय?"

"हात लावू नकोस. ते इंडियाचं आहे," विनीता म्हणाली.

इंडियाचं म्हणजे परत जाऊ तेव्हाचं. दोनशेवीस व्होल्टचे दोन मिक्सर, घडी न मोडलेल्या चादरी, सहा माणसांचा डिनर सेट. श्रीरंग आणि विनीता न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आले ते पाच वर्षांसाठी. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. श्रीरंगच्या वडिलांनी, अप्पांनी, तेव्हाच साताऱ्याच्या घरावर त्यांच्यासाठी एक मजला चढवला होता. श्रीरंग दर दिवाळीला पत्रात लिहायचा, बहुतेक पुढच्या वर्षी.

आणि येत्या मंगळवारी दोघांचा अमेरिकन नागरिकत्वाचा शपथविधी होता.

अप्पा तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदाच इथे आले होते. दोन बॅगा, दोन्ही दगडासारख्या जड. परतीची तारीख विचारली की ते हवेबद्दल बोलायचे.

"आपल्याला घेतल्याशिवाय हलणार नाहीत ते," विनीता कुजबुजली. "आज सांगून टाक."

"जेवताना सांगतो."

"कालही जेवतानाच सांगणार होतास. तीन वाट्या श्रीखंड खाल्लंस फक्त."

शेवटी चादरी बाहेर निघाल्या आणि खोकं मिळालं. सुनेत्राला शाळेसाठी इजिप्तच्या थडग्यांचं मॉडेल करायचं होतं. अप्पा पीडब्ल्यूडीतले रिटायर्ड ओव्हरसियर. बांधकाम म्हटल्यावर ते खुर्ची ओढून, फूटपट्टी घेऊनच बसले.

"आधी नुसता खड्डा, आजोबा. वाळूत. एक माणूस, एक मडकं, दॅट्स इट. मग खड्ड्यावर विटांचा ओटा. मग एका राजाने ओट्यावर ओटा, त्याच्यावर अजून ओटा..."

"मजल्यांची परवानगी काढली होती का?"

"ही वॉज द किंग!"

"तरी."

"मग पिरॅमिड. पण चोर यायचे ना, सो नंतर डोंगरात लपवून खोदायला लागले."

"आत काय ठेवायचे?"

"सगळं. पाव, बिअर, पलंग, होडी. मेल्यावरच्या लाइफसाठी. आणि काम करायला छोट्या बाहुल्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. प्लस त्यांच्यावर बॉसेस, चाबूकवाले."

"ओव्हरसियर!" अप्पा खूश झाले. "बघ, आमच्यावाचून तिथेही अडलं. बरं, मग हे सामान त्यांनी वापरलं कधी?"

"नेव्हर. अजून तसंच आहे. म्युझियममध्ये." सुनेत्राने आजूबाजूच्या खोक्यांकडे पाहिलं. "लाइक आईचे मिक्सर्स."

विनीताला एकदम खोकला आला. अप्पाही खोक्यांकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ.

"आता खोटं दार," सुनेत्रा म्हणाली. "दगडात कोरलेलं. उघडत नाही, फक्त आत्मा ये-जा करतो. पण त्याच्यावर नाव लागतं. नाव गेलं की माणूस संपला, असं मानायचे ते."

अप्पा उठून वर गेले. परत आले ते धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. पितळी पाटी. राजाराम त्र्यंबक देवस्थळी. चार कोपऱ्यांना चार भोकं, एकात निळा रंग अडकलेला.

"ही लाव. चिकटवू नको हं, नुसती टेकव. मला लागणार आहे."

"अप्पा," श्रीरंग म्हणाला, "घराची पाटी इथे कशाला आणलीत?"

"पॉलिश करायला," अप्पा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

साताऱ्याहून न्यू जर्सीला, पॉलिश करायला. विनीताने श्रीरंगला कपडे धुण्याच्या मशीनमागे ओढलं.

"कळलं का? नावाखाली केवढी जागा सोडलीय बघ. तुझं नाव कोरून हवंय त्यांना. दिवाळीपर्यंत दाराला लावतील आणि वाट बघत बसतील."

श्रीरंगने पाटीकडे पाहिलं. खरंच, खाली एक नाव आरामात मावलं असतं. मग तो अप्पांसमोर, चादरींच्या ढिगावरच, बसला.

"अप्पा, आम्ही परत येणार नाही. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मंगळवारी शपथ आहे आमची. चौदा वर्षं सांगायला जमलं नाही."

सुनेत्राचा ब्रश हवेतच थांबला. अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला.

"तो वरचा मजला..." ते म्हणाले.

"माहीत आहे, अप्पा. आमच्यासाठी बांधलात तुम्ही, आणि आम्ही—"

"अरे, बोलू देशील का? तीन आठवडे मीही तेच जमवतोय." अप्पांनी पाटी उचलली आणि बाहीने पुसली. "वरचा मजला मी विकला."

अप्पांनी जिन्याच्या वर, घराच्या पुढच्या दाराच्या दिशेने, पाटी धरून अंदाज घेत पाहिलं.

"खालचासुद्धा."