तीन नंबरचं फाटक

वॉचमनच्या हिशेबानं सौदा फायद्याचा होता. फाटक उघडलं की मुलगी कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेत पास होणार, सिक्युरिटी मॅनेजमेंटची पदवी घेणार, आणि बापानं एकोणीस वर्षं ज्यांना सलाम ठोकले त्यांच्यासारखी टेबलामागे बसणार. बापाच्या बाजूला तोटा म्हणजे काय, तर एखादा मेमो.

मुलगी समोर उभी होती. अंगात कुरिअरवाल्याचा शर्ट, कपाळावर ओढलेली टोपी, तोंडाला मास्क, हातात पुठ्ठ्याचा खोका. कुठल्यातरी कंपनीच्या फाटकातून बिनपरवानगी आत शिरून दाखवायचं, अशी या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा असते, हे त्याला घरातल्या बोलण्यावरून ठाऊक होतं. कुठली कंपनी, कुठला दिवस, हे मात्र तिनं ओठाबाहेर काढलं नव्हतं.

त्यानं तिला लांबूनच चालीवरून ओळखलं. मग तिची तयारी बघितली आणि त्याला कीव आली. खोका इतका हलका की एका हातावर नाचत होता. पावती कालच्या तारखेची. ओळखपत्र पुढे केलं, तर अंगठा नेमका फोटोवर. कार्ड खोटं असलं की माणूस फोटो झाकतो, हे ती शाळेत असताना त्यानंच तिला शिकवलं होतं. तीन वर्षं कॉलेज करून पोरीनं ही अक्कल कमावली! असलं सोंग दुसऱ्या कुठल्या फाटकावर दोन मिनिटंही टिकलं नसतं.

म्हणूनच बापाचं फाटक निवडलं असणार, असं त्याच्या मनात आलं. जरा लागलं. कंपनीत त्याला सगळे ‘कुलूप’ म्हणत. पास नव्हता म्हणून त्यानं एकदा मालकाच्या जावयालाही अर्धा तास उन्हात उभं केलं होतं. आणि घरच्या पोरीनं त्यालाच सोपा समजावं? समजू दे, म्हटलं त्यानं. पोरीनं बापाकडे नाही मागायचं तर कुणाकडे?

“कुणाला भेटायचंय?” त्यानं विचारलं.

“साहेबांना.”

“कोणत्या साहेबांना?”

“मोठ्या.”

तिनं आवाजसुद्धा बदलला नव्हता. आता मात्र त्याला हसू आवरेना. मान फिरवून त्यानं फाटक उघडलं.

ती जागची हलेना.

“जा ना ताई, मागे गाडी खोळंबलीय.”

तरी ती त्याच्याकडे बघतच राहिली. घाबरली बिचारी, असं वाटून त्यानं वहीत डोकं घातलं. मग पावलं आत गेल्याचं ऐकू आलं.

संध्याकाळी स्वारी खुशीत घरी आली. मुलगी जेवायच्या टेबलाशी एक छापील फॉर्म पुढ्यात घेऊन बसली होती.

“काय मॅडम! कसला बावळट वॉचमन ठेवलाय म्हणे त्या कंपनीनं!”

तिनं वर बघितलं. डोळे सुजलेले.

“अगं वेडे, मेमोचं काय एवढं? आमच्याकडे लोक सणसणीत चार-चार मेमो घेऊन मजेत आहेत.”

“मेमो नाही बाबा. जिथं आम्हाला अडवलं, तिथं कंपनी आहे तोच माणूस ठेवणार आहे. जिथून आम्ही आत गेलो, तिथं यंत्र. आम्हाला आधीच सांगितलं होतं. माझ्या चिठ्ठीत एक नंबरचं फाटक होतं. तुमचं तीन नंबर मैत्रिणीला आलं होतं. ती फार हुशार आहे बाबा, ती तुम्हालाही चकवून गेली असती. म्हणून मी चिठ्ठी बदलून घेतली.”

“पण मग तुझी परीक्षा?”

“गुण आत जाण्याचे नसतात. अहवालाचे असतात. अडवलं असतं तरी पासच होते मी. पावती, खोका, अंगठा... तुम्ही मला पकडावं म्हणून अजून काय करायला हवं होतं?”

तो बूट काढत होता. एकाच बुटाची नाडी त्यानं सोडली, बांधली, परत सोडली.

मग त्यानं फॉर्म ओढून घेतला. सगळे रकाने भरले होते, एकच कोरा होता. ‘प्रवेश मिळण्याचे कारण’. कंसात दोन पर्याय छापले होते: वॉचमनशी ओळख, वॉचमनचा निष्काळजीपणा.

“मी ओळख लिहिते,” ती म्हणाली. “खरं तेच लिहिते. ओळखीच्या फाटकावर गेले म्हणून माझं वर्ष जाईल, जाऊ दे.”

“आणि माझं काय होईल? घरच्यांना आत सोडतो म्हणून हाकलतील. म्हणजे दोघंही गेलो.” त्यानं पेन उचलून तिच्या हातात दिलं. “दुसरं लिही.”

“बाबा, तुम्ही आणि निष्काळजी?”

“लिही म्हटलं ना. आणि नीट लिही, खाडाखोड नको.”

मुलीला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. पुढच्या महिन्यात तीन नंबरला यंत्र बसलं. वॉचमनच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याच्याविरुद्ध कागद एकच लागला, आणि तो लेकीच्या अक्षरात होता.