आधी गाडीला हात लावायचा

लवूच्या छातीवरची नळी काढत डॉक्टर म्हणाले, "काळीज ठणठणीत आहे."

सुगंधाला ते पटलं नाही. एस.टी.ची पायरी चढताना नवऱ्याचं काळीज किती वाजतं, ते तिने शेजारी उभं राहून ऐकलं होतं. त्यांच्या कट्टा गावाला गाडी सुरू होऊन दोन वर्षं झाली, पण लवू एकदाही आत बसला नव्हता. देवाला गाऱ्हाणं घालून झालं. चाकासमोर नारळ फोडला, तो ड्रायव्हरने खाल्ला.

आता टाळून चालणार नव्हतं. दहा दिवसांनी शिरोड्याला त्यांच्या कावेरीचा साखरपुडा होता. मुलीचा बाप आला नाही तर पुडा फुटणार नाही, असा व्याह्यांचा स्वच्छ निरोप होता.

"ही भीती आहे," डॉक्टर म्हणाले. "तळवे गार पडतात, जीभ टाळूला चिकटते. वाटतं, आता संपलं."

"तुमका कसा कळला?" लवूने विचारलं.

"पुस्तकात असतं."

मग त्यांनी खिशातून घड्या पडून मऊ झालेलं एक पत्र काढलं. मुंबईच्या कोणा मोठ्या डॉक्टरांचं होतं. त्यातूनच त्यांनी उपाय वाचून दाखवला. पहिल्या दिवशी थांब्यावर नुसतं उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावायचा. तिसऱ्या दिवशी आत बसायचं आणि सुटायच्या आधी उतरायचं. मग एक थांबा, मग दोन. भीती चढली तरी पळायचं नाही. भरतीसारखी ती आपली आपण ओसरते.

लवूने परक्या म्हशीला लावावा तसा गाडीला हात लावला.

"दूध काढूचा आसा काय रे?" कंडक्टरने विचारलं.

रोज संध्याकाळी डॉक्टर लवूच्या अंगणात येत. बैलगाडीने. मालवणहून औषधं आणायलाही ते बैलगाडीच जुंपत, एस.टी.त बाटल्या फुटतात म्हणत. भीती किती चढली, किती वेळाने उतरली, नक्की उतरली ना, हे ते पुन्हा पुन्हा विचारून लिहून घेत. इतका जीव लावणारा डॉक्टर सुगंधाने पाहिला नव्हता.

आठव्या दिवशी लवू एकटा कुडाळला जाऊन भजी खाऊन आला. हे ऐकून डॉक्टर त्याच्यापेक्षा जास्त हसले.

साखरपुड्याचं पहिलं आमंत्रण त्यांनाच होतं. त्या सकाळी ते इस्त्रीचा कोट घालून थांब्यावर आले. माणसं चढली. कंडक्टरने घंटी मारली, तरी डॉक्टर खालीच उभे होते.

लवूने खिडकीतून हात पुढे केला. "येवा डॉक्टरानु. जागा धरलंय."

डॉक्टरांनी गाडीच्या पत्र्यावर तळवा टेकवला. डोळे मिटून थोडा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला. कपाळ घामाने भिजलं होतं. दवाखान्यातली शुद्ध भाषा सोडून ते पहिल्यांदाच घरचं बोलले.

"तुमी सगळे जावा. लवू, तू कुडाळाक जावन जितो परत येयपर्यंत माका धीर खंय होतो? माजो आज दुसरो दिवस."