‘नको’ नावाचं फोल्डर

“मेल येत न्हाईत,” सम्मेदनं पाठीवरची बॅग खाली ठेवायच्या आतच जिनपाल आण्णा म्हणाले.

सम्मेदला हसू आलं. उद्यमनगरातल्या या कारखान्याच्या ऑफिसातले कॉम्प्युटर तो नऊ वर्षं सांभाळत होता, आणि आण्णांची ही तक्रार दरवर्षी याच दिवशी यायची. दशलक्षण पर्व संपून क्षमावणीचा दिवस उजाडला, की दुपारी मालकांचा फोन ठरलेला. सगळे जैन त्या दिवशी एकमेकांपुढं हात जोडतात, वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात, आणि आण्णा मेल येत नाहीत म्हणून त्याला बोलावतात. तो यायचा, स्वतःच्या मोबाइलवरून एक मेल पाठवायचा, तो टुणकन येऊन पडायचा. “येतायत की आण्णा,” तो म्हणायचा. “बरं, चहा घे,” आण्णा म्हणायचे. म्हातारपणी माणसाला सोबत लागते, असं सम्मेदनं आपलं धरून ठेवलं होतं.

आज सकाळीच बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दोघांची गाठ पडली होती. दर्शन झाल्यावर सम्मेदनं रिवाजाप्रमाणं हात जोडले होते. “आण्णा, वर्षभरात कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा करा.” आण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारून “केली” म्हटलं होतं. मग दोघं आपापल्या चपला शोधायला गेले होते.

यंदा मात्र तक्रारीत तथ्य असायची शक्यता होती, कारण मेलचं नवं सॉफ्टवेअर त्यानं परवाच चढवलं होतं. त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. आजवर चार वेळा सॉफ्टवेअर बदललं, पण आण्णांचा एक मेल हरवला नव्हता की एक सेटिंग इकडचं तिकडं झालं नव्हतं. त्यानं नेहमीप्रमाणं मेल पाठवला. तो लगेच आला.

“येतायत की आण्णा.”

आण्णांनी चहाचं विचारलं नाही. उठून केबिनचं दार लावलं आणि परत येऊन त्याच्या शेजारी बसले.

“तसले न्हवं. चंदनाचा मेल.”

चंदना ही आण्णांची एकुलती एक मुलगी. कॉलेजातल्या, दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न करून बंगळूरला गेली, त्यानंतर तिचं नाव या ऑफिसात कुणी काढलं नव्हतं.

“आजच्या दिवशी माणूस वैऱ्याम्होरंबी हात जोडतं,” आण्णा म्हणाले. “बापाला दोन वळी लिवायला हिला जड जातंय? तिनं नुसतं क्षमा म्हणायचं, मी लगेच दिली म्हणणार. नऊ वर्षं ह्या खुर्चीत बसून वाट बघतोय.” आधी आपण हात जोडावेत, हे काही त्यांना सुचलं नव्हतं. बापपण आडवं आलं असावं.

“बघतो,” सम्मेद म्हणाला आणि त्यानं सेटिंग उघडलं. वर एक सूचना आलेली होती. जुन्या सॉफ्टवेअरमधला एक नियम नव्यात चालत नाही, तो बंद केला आहे. त्यानं कुठला ते पाहिलं. नियमात एकच पत्ता होता, आणि तो चंदनाचा होता.

मग त्याला सगळं आठवलं. नोकरीतला तो त्याचा पहिलाच महिना होता. तिचा मेल आला होता आणि आण्णा भडकले होते. “हिचं काय बी माझ्या नजरंला पडता कामा न्हाय,” ते गरजले होते. नव्या पोरानं मालकाची मर्जी राखली. या पत्त्यावरून काहीही आलं तर वाचल्याची खूण करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं, असा नियम त्यानं दोन मिनिटांत करून दिला. फोल्डरला काय नाव द्यावं ते सुचेना, म्हणून ‘नको’ असं दिलं. आण्णांना मशीनमधलं काही कळत नव्हतं, आणि पुढं तो स्वतःही ते विसरून गेला. दर वेळी नवं सॉफ्टवेअर चढवताना बाकी सगळ्यासोबत तो नियमही न चुकता पुढं नेत राहिला. आण्णांचा राग कधीच निवला होता. पण ते मशीनला कुणी सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाइकांच्या नावांची पन्नासेक फोल्डरं ओलांडून तो तळाशी गेला. ‘नको’ तिथंच होतं. आत सात मेल होते, वर्षाला एक, सगळे क्षमावणीच्या दिवसाचे. गेल्या वर्षीचा नव्हता. आजचाही नव्हता. त्यानं शेवटचा उघडला.

“आण्णा, उत्तम क्षमा. सात वर्षं मागितली, आता नाही मागणार. तुमचं उत्तर यायचं नाही हे मला समजलं. माझ्याकडून तुम्हाला क्षमा आहे, ती न मागताच देते. तब्येतीला जपा.”

स्क्रीन आण्णांकडं वळवायची होती, पण ते सम्मेदला जमेना. आण्णा डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते. सम्मेद खुर्चीवरून उठला आणि त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला.

“आण्णा, मला क्षमा करा.”

“अरे, सकाळीच केली की,” आण्णा हसले आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “एका दिवसात किती येळा मागशील? बस खाली. आदी माझ्या पोरीचा मेल कुटं आडकलाय ते बघ.”