टर्बोचा पाइप

ब्राह्मीच्या जुन्या टर्बो गाडीचं इंजिन आठवडाभर ॲक्सिलरेटर न दाबताच उसळायचं आणि लगेच मलूल व्हायचं. त्यापायी ती काकतीजवळ अडकली आणि बेळगावची नोकरीची मुलाखत हुकली. बोरगावच्या मेकॅनिकनं आज टर्बोचा रबरी पाइप काढून दाखवला. "आक्का, हवा हितनं सुटत हुती. पाइप फाटलेला न्हाय, ब्लेडनं कापलाय." नवा पाइप बसताच इंजिन एकसारखं चालू लागलं. ब्राह्मीनं कापलेला पाइप मागून घेतला. आई गेल्यापासून घरात ती आणि तिचे वडील, आप्पा, दोघंच. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. घरी येऊन तिनं कापलेला पाइप त्यांच्यासमोर ठेवला. आप्पांनी मान खाली घातली. "तू गेलीस तर हे घर खायला उठंल गं." "एकदा 'थांब' म्हणाला असतात, तर मी थांबले असते, आप्पा," ती म्हणाली, आणि बॅग भरायला आत गेली.